लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास दाखवणे का?



नोव्हेंबर महिना आपण मृतविश्वासूंसाठी राखून ठेवतो. २ तारखेला दफनभूमीत कबरींना आशीर्वाद देताना आम्हाला दरवर्षी एक गोष्ट दिसते. एकाच कबरीवर दोनदा मेणबत्त्या लागतात. सकाळी थोरला भाऊ येऊन जातो, संध्याकाळी धाकटा. दोघेही आईसाठी प्रार्थना सांगतात, पण एकमेकांची वेळ टाळून. कारण बहुतेक वेळा एकच असते: नाशिक रोडचे घर, नाही तर गावाकडची वीस गुंठे जमीन. आई गेली तेव्हा काही लिहून ठेवलेले नव्हते, किंवा जे लिहिले होते ते एकालाच ठाऊक होते.

गेल्या काही दिवसांपूर्वी मिस्सा संपल्यावर एक मावशी आमच्याकडे आल्या. (त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून हे लिहीत आहोत.) त्यांचे पती प्रेसमधून रिटायर झाले, चार वर्षांपूर्वी देवाघरी गेले. जेल रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी लग्न होऊन उपनगरला. तीच रोज डबा घेऊन येते, गोळ्या देते. मावशी म्हणाल्या, "फादर, घर पोराच्या नावावर करून टाकावं म्हणते. का देवळाला देऊन टाकू? तुम्ही सांगाल तसं करते."

"तुम्ही सांगाल तसं करते" हे वाक्य ऐकले की धर्मगुरूने सावध व्हावे. लूकच्या शुभवर्तमानात एक मनुष्य प्रभूकडे येतो आणि भावाकडून वाटणी मिळवून द्यावी अशी विनंती करतो. प्रभूने ते काम स्वीकारले नाही. प्रभूने जे नाकारले ते आम्ही का स्वीकारावे? तेव्हा मावशींना आम्ही उत्तर दिले नाही, उलट विचारले, "मावशी, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?"

त्या म्हणाल्या, "माझ्याच. सोसायटीने ह्यांच्यामागं माझं नाव लावलं. ह्यांनी नॉमिनी मलाच ठेवलं होतं."

आपल्यापैकी कितीतरी जणांचा हाच समज आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ज्यांचे 'कालनिर्णय' आपल्या घरोघरी भिंतीवर असते त्या जयंत साळगांवकर यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबात हाच प्रश्न न्यायालयात गेला. त्यांनी २०११ साली मृत्युपत्र केले होते, शेअर्स आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनीही नेमलेले होते. ते २०१३ साली वारले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निकाल दिला की नॉमिनीच्या हाती वस्तू येते ती सांभाळण्यासाठी. मालकी मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणेच ठरते. सोसायटीच्या दाखल्यावर नाव चढले म्हणजे सगळे घर आपले झाले, असे होत नाही.

मग मावशींचे किती? आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. पती मृत्युपत्र न करता वारला आणि मुले असली तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. म्हणजे या घराचा एक हिस्सा मावशींचा, एक मुलाचा आणि एक त्या डबा आणणाऱ्या मुलीचा. मावशी ज्या घराचे दान करायला निघाल्या होत्या त्याचे दोन हिस्से मुळी त्यांचे नव्हतेच.

हे ऐकून त्या थोड्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पोरीचं काय, तिला लग्नात दिलं की. ती सही करून देईल."

बहुतेक घरांत असेच होते. वडिलांच्या पश्चात बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतात, साडी देतात, माहेर उघडे राहील असे सांगतात. कायद्याने दिलेला वाटा बहीण राजीखुशीने सोडू शकते, त्यात गैर काही नाही. पण सही न केल्यास माहेर तुटेल या भीतीने केलेली सही ही राजीखुशी नव्हे. आम्हाला वाटते याविषयी आपण आजवर पुरेसे बोललो नाही. केरळच्या मेरी रॉय यांना ख्रिस्ती मुलीचा वाटा मिळवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, १९८६ साली त्या जिंकल्या. आपल्याकडे महाराष्ट्रात तो वाटा कायद्यात आधीपासूनच होता, आणि तरी आपण तो एका सहीने काढून घेतो.

आता मूळ प्रश्न: जिवंतपणी देऊन टाकावे की नाही?

आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगमंचावर आले. गणपतराव बेलवलकर निवृत्तीच्या वेळी सगळे मुलामुलीला वाटून देतात आणि नंतर पतिपत्नी दोघे बेघर होतात. नाटक पाहून सारे रडतात. घरी येतात आणि तेच करतात! खरे तर या बाबतीत पवित्र शास्त्र फार स्पष्ट बोलते. बेनसिराच्या ग्रंथात ३३व्या अध्यायात बापाला सल्ला आहे की श्वास आहे तोवर स्वतःवरचा ताबा मुलगा, बायको, भाऊ, मित्र कुणाच्याही हाती देऊ नये. मुलांनी तुझ्याकडे मागावे हे बरे, तू त्यांच्या हाताकडे पाहावेस हे बरे नव्हे. वाटप शेवटच्या घडीला करावे. याच ग्रंथात तिसऱ्या अध्यायात मुलाला सांगितले आहे की बापाची बुद्धी चळली तरी त्याला सांभाळून घे. दोन्ही वचने एकाच पुस्तकात आहेत. मुलाने सांभाळावे ही आज्ञा आहे, म्हणून बापाने विसंबून राहावे असा अर्थ बेनसिरा काढत नाही.

मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतला फरक याच जागी येतो. मृत्युपत्र मरणानंतर लागू होते, शुद्धीवर आहोत तोवर कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्र नोंदले की घर त्या दिवशीच दुसऱ्याचे, आणि मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. याला एक अपवाद आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली जो कायदा झाला त्याच्या २३व्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकते. अर्ज आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांकडे होतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी अट होती हे दिसले पाहिजे, नुसते गृहीत धरता येणार नाही. मध्य प्रदेशातल्या एका मातेने २०१९ साली मुलाला घर बक्षीस दिले होते. मुलाने त्याच सुमारास शेवटपर्यंत सांभाळीन असे वचनपत्रही लिहून दिले होते. न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी ते बक्षीसपत्र रद्द करून घराचा ताबा आईला परत द्यायला सांगितले. त्या आईच्या हाती एक कागद होता, हे विसरू नका.

इथे अनेक जण म्हणतात, "फादर, पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं? बरं दिसतं का?" आम्हालाही पूर्वी असेच वाटत असे. आज तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण मुले वाईट निघाली हे नाही.

समजा मुलगा अगदी देवमाणूस आहे. आईने घर त्याला दिले, काहीही न लिहिता. दोन वर्षांनी तो पुणे महामार्गावर अपघातात गेला, आणि त्यानेही मृत्युपत्र केलेले नव्हते. मग ते घर त्याची पत्नी आणि मुले यांचे. आपल्या वारसा कायद्यात मेलेल्या मुलाला मूलबाळ असले तर त्याच्या आईला काहीही मिळत नाही, एक पैसाही नाही. हिंदू कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे, आपल्यात नाही. म्हणजे ज्या घरात ती चाळीस वर्षे राहिली तिथे ती आता सुनेच्या मर्जीवर. सून चांगली असेल. पण यात मुलाचा दोष कोणता होता? माणसावर विश्वास ठेवणे वेगळे आणि परिस्थितीवर विश्वास ठेवणे वेगळे. मुलावरचा विश्वास पूर्ण ठेवूनही लिहावे लागते, कारण तो अमर नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. पुण्याला सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून आम्ही शिकलो की दान म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले. मग अट घातली की ते दान कसले? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेले घर हे दान नव्हेच, तो एक करार आहे. पण मग प्रामाणिकपणे त्याला करार म्हणावे. आपण नाव दानाचे घेतो, मनात हिशेब सांभाळाचा ठेवतो, आणि हिशेब चुकला की "एवढं सगळं दिलं, तरी..." म्हणून आयुष्यभर बोलून दाखवतो. त्यापेक्षा न्यायाचे ते न्यायाच्या कागदावर जाऊ द्यावे. छप्पर, औषध, जेवण हे कागदावर लिहिता येते. संध्याकाळी जवळ बसून दोन शब्द बोलणे कुठल्याच कागदावर लिहून मिळत नाही. तेवढे खरे दान उरते, आणि ते मुलांकडून आईबापाकडे जाते.

आणि कागद नसला तर काय होते तेही पाहावे. जिचे काही लिहिलेले नाही तिला प्रत्येक गोष्ट मागावी लागते. चष्मा फुटला तर मागायचे, दवाखान्यात जायचे तर रिक्षाचे पैसे मागायचे, आणि मागण्यापूर्वी घरातल्यांचा चेहरा पाहायचा. दुबळ्या माणसाने प्रेमावर विसंबून राहावे असे म्हणणे फार सोपे आहे. म्हणणारा बहुधा दुबळा नसतो.

"उद्याची चिंता करू नका असे प्रभूनेच सांगितले आहे ना?" हो, सांगितले आहे. त्याच प्रभूने वधस्तंभावर असताना, श्वास घेणे कठीण झालेले असताना, आपल्या आईची सोय केली. तिच्याकडे आणि शिष्याकडे पाहून, दोघांच्या कानांवर जाईल असे बोलला. योहान लिहितो की त्या घडीपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेले.

आता मावशींचा दुसरा प्रश्न, देवळाला देण्याचा. याविषयी आपल्या समाजाचा एक इतिहास आहे. वारसा कायद्याच्या ११८व्या कलमाप्रमाणे, पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मकार्यासाठी किंवा दानधर्मासाठी मृत्युपत्राने काही ठेवायचे तर मृत्यूच्या निदान बारा महिने आधी मृत्युपत्र झालेले असणे आणि सहा महिन्यांत ते सरकारी ठिकाणी जमा केलेले असणे भाग होते. मरणशय्येवरच्या माणसाकडून धर्माच्या नावाने घर लिहून घेऊ नये, असा त्यामागचा इंग्रजी विचार. केरळचे धर्मगुरू फादर जॉन वल्लामट्टम यांनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले. इतर धर्मीयांना नसलेले बंधन आपल्यावरच का, हा त्यांचा मुद्दा योग्यच होता. आम्हाला त्या निकालाचा आनंद आहे.

पण कायद्याचे कुंपण निघाले म्हणजे विवेकाचेही निघाले काय? मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू परुश्यांवर रागावतो, कारण आईबापाच्या उपयोगी पडायचे ते "देवाला वाहिले" म्हणून ते मोकळे होत. घरच्या माणसाचा वाटा देवाला वाहिलेला देवाला चालत नाही. संत ऑगस्टिन यांनी इ. स. ४२५च्या सुमारास हिप्पोच्या लोकांना एक हकीकत सांगितली होती. त्यांच्याच मठातला यानुआरियुस नावाचा धर्मगुरू मरताना आपल्या मुलगा-मुलीला वगळून सारी मिळकत ख्रिस्तसभेला ठेवून गेला. ऑगस्टिननी ती घेतली नाही. त्याच प्रवचनात त्यांनी कार्थेजचे बिशप ऑरेलियस यांची आठवण काढली. एका निपुत्रिक माणसाने सारे काही ख्रिस्तसभेला दिले आणि पुढे त्याला मुले झाली. त्याने मागितलेही नव्हते, तरी बिशपांनी सारे परत केले. कायद्याने ते ठेवून घेऊ शकले असते.

आम्ही मावशींना म्हणालो, "देवळाला गरज आहे, हे खोटं नाही. छत गळतं ते तुम्ही बघताच. पण जी पोर रोज डबा आणते तिच्या आधी देऊळ नको." कुणाला मूलबाळ, जवळचे कुणी नसेल आणि त्यांनी स्वखुशीने काही ठेवले तर ख्रिस्तसभा ते आनंदाने घेईल. मात्र अशा मृत्युपत्रात धर्मगुरूने लेखनिक होऊ नये, साक्षीदार होऊ नये, वकीलही सुचवू नये, असे आमचे मत आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकतो. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले बरे. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार नको, नाही तर त्याला ठेवलेले रद्द होते. आपल्यात लग्न केले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. दुसऱ्यांदा विवाहबद्ध होणाऱ्या विधुर-विधवांना आम्ही हल्ली हे मुद्दाम सांगतो. शिवाय बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि सातबारावर तिसरे, अशी आपल्यापैकी बऱ्याच जणांची अवस्था आहे. मृत्युपत्रात सगळी नावे लिहा.

शेवटी आजारपणाचे. मुलाला मुखत्यारपत्र करून दिले की काम झाले असे पुष्कळांना वाटते. पण आईची स्मृती गेली, तिला कळेनासे झाले की मुखत्यारपत्राचा जोर संपतो. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निरुपयोगी. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून बँकेचे खाते, पेन्शन, औषधपाणी यांची व्यवस्था डोके शाबूत असतानाच लावावी.

आणि व्हेंटिलेटर? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये, उपचार कुठवर करावेत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. निर्णयासाठी जवळच्या माणसाचे नाव त्यात लिहिता येते. कॅथलिकांनी असा कागद करावा का? करायला हरकत नाही, मात्र काय लिहितो ते पाहावे. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना सांगितले होते की जीव टिकवण्यासाठी सर्वसाधारण उपाय करणे कर्तव्य आहे, असाधारण आणि अतिशय क्लेशदायक उपाय नव्हेत. मरण ओढवून आणणे वेगळे आणि येऊ घातलेल्या मरणाला यंत्रांनी अडवत न बसणे वेगळे. अन्नपाणी मात्र, नळीने द्यावे लागले तरी, ख्रिस्तसभा सर्वसाधारण सेवाच मानते. रोमने २००७ साली ते पुन्हा स्पष्ट केले.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला. त्यानंतर त्या कधी उठल्या नाहीत आणि २०१५ साली न्यूमोनियाने वारल्या. जवळजवळ बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांना भरवले, पुसले, कूस बदलली. २००९ साली न्यायालयात त्यांचे अन्न थांबवण्याची मागणी झाली तेव्हा विरोध केला तो या परिचारिकांनी, आणि न्यायालयाने त्यांचे म्हणणे मानले. त्या परिचारिका अरुणाताईंच्या रक्ताच्या नव्हत्या. कायद्याचे किंवा वारशाचे कसलेच बंधन त्यांच्यावर नव्हते. इतका वेळ कागदाची बाजू मांडल्यावर, त्यांच्यापुढे आमचा सगळा युक्तिवाद थोटका पडतो हेही मान्य केले पाहिजे.

मावशी गेल्या आठवड्यात पुन्हा आल्या. वकिलाकडून त्यांनी दोन मसुदे करून आणले आहेत. एक स्वतःच्या हिश्शाचे मृत्युपत्र, त्यात मुलीला थोडे अधिक. दुसरा तिघांच्या सहीचा लेख, ज्यात आईला हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क आहे. आजारपणात निर्णय कुणी घ्यायचा ती ओळ मात्र मोकळी ठेवली आहे. "दोघांपैकी एकाचं नाव घातलं की दुसऱ्याला लागेल," म्हणाल्या. मुलगा नाताळला यायचा आहे, त्याच्यासमोर सगळे वाचून दाखवीन आणि मगच सही करीन असा त्यांचा हट्ट आहे. आम्ही त्यांना मृत्युपत्रावर तरी आधी सही करून घ्या म्हणून सांगून पाहिले. त्या हसल्या. "फादर, महिनाभर देव थांबेल की." मसुदे त्यांच्या प्रार्थना-पुस्तकात घडी करून ठेवलेले आहेत.